थोरलीचा ड्रायव्हर

आमच्या कारखान्याला इंजिन एकच होतं आणि त्या इंजिनाला ड्रायव्हरही एकच. दुसऱ्या कुणी त्या इंजिनाला हात लावायचा प्रश्नच नव्हता, कारण पहिला लावू देत नसे.

मी तिथे वॅगनबाबू होतो. खोपोली स्टेशनात मालगाडी आली की त्यातले आमचे कोळशाचे आणि भंगाराचे डबे कुठले ते पाहायचं, ते आमच्या इंजिनाकडून कारखान्यात चढवून घ्यायचे, रिकामे झाले की पुन्हा रेल्वेच्या गळ्यात घालायचे, आणि उशीर झाला की दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, असं ते काम होतं. स्टेशनापासून कारखान्याच्या दारापर्यंत आमची स्वतःची लाइन होती. ती चांगलीच चढाची होती. चढाच्या पायथ्याशी गावातला रस्ता तिला आडवा जायचा, आणि त्या रस्त्यावरून बाजारहाट करणाऱ्या बायका, शाळेची पोरं, एस.टी., बैलगाड्या असं सगळं गाव ये-जा करायचं. तिथे आमचं एक फाटक होतं.

इंजिन डिझेलवर चालणारं, परदेशी बनावटीचं. कुठल्या तरी बंदरात अर्धं आयुष्य काढून झाल्यावर आमच्या मालकांनी ते जुन्या बाजारात घेतलं होतं. ते खोपोलीला आलं तेव्हा त्याच्याबरोबर बंदरातला एक जाड निळा कोट आला होता, बहुधा आधीच्या ड्रायव्हरने इंजिनात विसरलेला. आमच्या ड्रायव्हरने तो पहिल्याच दिवशी अंगात घातला आणि नंतर मी त्याला कोटाशिवाय पाहिल्याचं मला आठवत नाही. वैशाखात आम्ही सदऱ्याची बटणं उघडी टाकून पंख्याखाली बसायचो, तेव्हा हा कोट घालून इंजिनाच्या भट्टीत उभा असे. उकडत नाही का, असं विचारलं तर म्हणे, "तिला उकडतंय का इचार. तिला चालतंय तर मला काय धाड भरलीय?"

तो लोधिवलीचा. सगळं यार्ड त्याला दादूस म्हणे. उंची बेताची, पोट सुटलेलं, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. इंजिनाबद्दल बोलताना तो कधी 'ते इंजिन' म्हणाला नाही. नेहमी 'ती'. त्याच्या बायकोने मग तिचं नावच ठेवलं, थोरली. कारण इंजिन आधी आलं आणि लग्न नंतर झालं. वहिनी मोठी खट्याळ बाई होती. दादूस कधी वेळेवर घरी गेला की ती दारातच विचारी, "आज लवकर आलात? थोरली रुसली काय?" हा विनोद तिने इतक्या वर्षांत इतक्यांदा केला होता की पुढे त्यातला विनोद गेला आणि नाव तेवढं उरलं. आम्हीही मग ऑफिसात सरळ म्हणायला लागलो, "थोरलीला डिझेल कमी आहे, मागवा."

माझी आणि त्याची पहिली भेट मला चांगली आठवते. मी नोकरीवर नवा. त्याने खिडकीतून मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "कुठला रं तू?"

"पोशीरचा."

"पोशीरात कुठं?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. तो कशासाठी विचारतात हेही मला पक्कं माहीत होतं. मी मान ताठ ठेवून म्हणालो, "बौद्धवाड्यातला."

त्याने जरा विचार केला. मग म्हणाला, "तुमच्या त्या वरच्या अंगाच्या शेतांतला वाल चांगला असतो. कडू निघत नाय. येत्या हंगामाला शेंगा आन पिशवीभर." आणि इंजिन सुरू करून निघून गेला. माणसाला गाव विचारायचं ते तिथला वाल कसा आहे हे ठरवण्यासाठी, अशी त्याची पद्धत होती. कुणी वावोशीचा आला तरी हेच, कुणी नेरळचा आला तरी हेच. मला तो माणूस त्या क्षणी आवडला, आणि पुढे त्याने मला कितीही वैताग दिला तरी ते आवडणं काही गेलं नाही.

शेंगा त्याला पोपटीसाठी लागत. थंडी पडली की आमच्याकडे शेताशेतांत पोपट्या लागतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, चार अंडी, बटाटे, पुन्हा पाला कोंबायचा, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. दादूस ही पोपटी इंजिनात लावत असे. सायलेन्सरच्या बगलेला त्याने लोखंडी पट्ट्यांचं एक बसकं करून घेतलं होतं, त्यात घासलेटचा जुना डबा बरोबर बसे. स्टेशनावरून भरलेले डबे चढवायला लागलं की सायलेन्सर तापून लाल व्हायचा आणि सगळ्या लाइनीवर भांबुर्ड्याचा वास सुटायचा. रिकाम्या डब्यांवर पोपटी कच्ची राहते, असं त्याचं शास्त्र. त्यामुळे हंगामात आमचे खलाशी मालगाडी भरलेली आली की खूश होत. जगात भरलेल्या कोळशाच्या वॅगनी बघून खूश होणारे मजूर मी तिथेच पाहिले.

लोधिवलीचे लोक त्याला चिडवत, की पोपटी पालथी लावतात, तुझी सुलटी, म्हणजे ती पोपटीच नव्हे. यावर तो म्हणे, "तुमची पोपटी एका जागी बसून व्हते. माझी परवास करून येते. चवीत फरक पडनारच." एकदा मुंबईच्या ऑफिसातून कुणी हिशेबनीस आले होते. त्यांनी नाक वर करून विचारलं, "कसला जळका वास येतोय? तेल गळतंय का?" दादूस चेहरा न हलवता म्हणाला, "जुनी बाई हाय साहेब. अंगाला वास असायचाच." हिशेबनीस मान डोलवत पुढे गेले आणि आम्ही वॅगनच्या आड जाऊन हसून घेतलं.

कुणीही इंजिनात चढलं की त्याला वहाणा काढाव्या लागत. मग तो खलाशी असो नाहीतर मॅनेजर. आत पत्र्यावर तेल सांडलेलं असे, पायांना ते चिकटे, तरी नियम म्हणजे नियम. थोरलीत उभ्या उभ्या चहा प्यायला चालत असे, पण शिवी दिलेली चालत नसे. शिवी द्यायची तर खाली उतरून द्यावी लागे. दादूस स्वतः हा नियम पाळायचा. स्टेशनातल्या पोर्टरवर तो भडकला की आधी शांतपणे शिडी उतरायचा, जमिनीवर पाय टेकले की तोंड सोडायचा, आणि सगळं बोलून झालं की पुन्हा वर चढायचा.

भोंग्याचंही तसंच. फाटकाशी एक भोंगा द्यायचा हा कायदा, तो द्यायचाच. पण फाटकाशी नवरी थांबलेली असेल तर दोन. हे गावाला इतकं ठाऊक झालं होतं की वरातीतले लोक मुद्दाम आमच्या डब्यांची वेळ साधून फाटकाशी येऊ लागले. मी एकदा त्याला म्हणालो, "अरे दादूस, या वरातींपायी माझे डबे खोळंबतात." तो म्हणाला, "डबे रोज येतात रं. नवरी एकदाच जाते." आणि डबे खोळंबलेच.

सगळ्यात मोठी खुमखुमी त्याला कर्जतच्या विजेच्या इंजिनांची. घाट चढायला मुंबईहून आलेल्या गाडीला कर्जतला मागून इंजिनं लावतात, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी कर्जतला राहत असे आणि खोपोलीच्या गाडीने कामाला येत असे. सुट्टीच्या दिवशी दादूस कधी कधी कर्जतला माझ्याकडे यायचा. यायचा म्हणजे माझ्या घरी दोन घोट चहा घ्यायचा आणि मग मला ओढून स्टेशनात न्यायचा. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा राहून मागची इंजिनं जोडताना बघायची आणि नावं ठेवायची, हा त्याचा आवडता कार्यक्रम. वडा खाता खाता तो मोठ्याने टीका करी. "वरनं करंट मिलतो म्हनून चाललंय यांचं. तार काडा, मंग बगू कोन चढतंय."

एकदा त्या इंजिनांवरचा एक ड्रायव्हर चहाच्या गाड्यावर आमच्या शेजारीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं. म्हणाला, "काका, तुमचं इंजिन घाट चढेल का?"

"चढंल."

"लोणावळ्यापर्यंत?"

"आपली ग्यारंटी."

'आपली ग्यारंटी' हा त्याचा परवलीचा शब्द. आंबा गोड निघण्याची ग्यारंटी, पाऊस उघडण्याची ग्यारंटी, माझ्या धाकट्या भावाला नोकरी लागण्याची ग्यारंटी. यातल्या बऱ्याच ग्यारंट्या खोट्या ठरत, पण नवी ग्यारंटी देताना त्याचा आवाज कधी खाली आला नाही. त्या दिवशी त्या ड्रायव्हरने हसून विचारलं, "आणि मग उतरेल का?"

दादूसने वड्याचा कागद चुरगळला आणि म्हणाला, "चल रं, गाडी यायची येळ झाली." खरं तर कुठलीच गाडी यायची वेळ झालेली नव्हती.

कारण थोरलीला ब्रेक नव्हता.

अगदीच नव्हता असं नाही. दांडा होता, नळ्या होत्या, चाकांशी ठोकळेही होते. पण हवा धरत नव्हती. दांडा ओढला की कुठून तरी सुस्कारा येई आणि इंजिन आपल्या मनाला वाटलं तर थांबे. सपाटीला चालून जायचं, उतारावर अवघड होतं. ती बनवणारा परदेशातला कारखाना कधीच बंद पडला होता, सुटे भाग मिळत नव्हते, आणि जे इथे करून घेतले ते चार दिवस टिकले. वरिष्ठांना हे कळवलं असतं तर थोरली त्याच दिवशी भंगारात गेली असती. तेव्हा दादूसने आपला उपाय काढला. त्याच्या हाताखाली चार खलाशी होते. त्यांचा म्होरक्या इस्माईल, नागोठण्याकडून येऊन खोपोलीत स्थायिक झालेला, अंगाने काटक आणि बोलायला कमी. हे चौघे इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घेऊन चालत. गाडीची चाल माणसाच्या चालीएवढीच. दादूसला थांबायचं असलं की तो खिडकीतून हात काढून बाहेरच्या पत्र्यावर दोन थापा मारी. थापा पडल्या की चौघे वाकून चाकांपुढे पाचरी सारत, चाक पाचरीवर चढायला बघे, करकरे, आणि गाडी थांबे. उतरताना वॅगनचे हातब्रेकही तेच आवळत. हे त्यांनी इतकं बसवलं होतं की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि माणसं सहज वाकली.

हे यार्डात सगळ्यांना माहीत होतं. पण दादूससमोर कुणी ब्रेकचा ब्र काढत नसे. मी एकदाच काढला होता. तो म्हणाला, "तिच्यात कायपन खराबी नाय. जरा हलवी हाय, येवढंच." हळवी म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

एका पावसाळ्यात उतरताना एक पाचर फुटली. लाकूड भिजलेलं होतं. थोरली दोन रिकाम्या वॅगनींसकट फाटकाकडे सरकत गेली. फाटकाची दांडी आमच्या लाइनीवर आडवी होती, पलीकडे रस्त्यावर एस.टी. उभी होती, माणसांनी भरलेली. इस्माईलने दुसरी पाचर टाकली, तिसरी टाकली, आणि इंजिनाचं नाक फाटकाच्या दांडीला टेकून थांबलं. एस.टी.तल्या लोकांना वाटलं असंच थांबतात. दादूस खाली उतरला आणि फाटकाच्या दगडावर बसला. त्या दिवशी त्याने जेवणाचा डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने डोंगरातल्या एका ओळखीच्या माणसाकडून खैराच्या लाकडाच्या जाड पाचरी करून आणल्या आणि विषय संपवला. संपवला तो बोलण्यापुरता. त्यानंतर फाटक ओलांडेपर्यंत तो चौघांवरची नजर काढत नसे, हे मी पाहत होतो.

पुढे मालकांच्या डोक्यात ट्रकचं आलं. मुंबई-पुणे रस्ता कारखान्याच्या बाजूनेच जात होता. ट्रकने माल सरळ दारात येतो, मग हे जुनं इंजिन, ही लाइन, हे फाटक कशाला पोसायचं, असं मुंबईच्या ऑफिसात बोललं जाऊ लागलं. शेवटी ठरलं, की एक इंजिनियर साहेब येऊन थोरलीची परीक्षा घेतील. पूर्ण भरलेल्या कोळशाच्या वॅगनी तिने चढवल्या आणि रिकाम्या नीट उतरवल्या तर ती राहील. नाहीतर भंगार. आणि थोरली गेली की ड्रायव्हर गेला, खलाशी गेले, हे उघडच होतं.

दादूसने त्या परीक्षेची अशी तयारी केली की तशी त्याच्या पोरीच्या लग्नातही केली नव्हती. थोरलीला घासलं, पुसलं, काळा रंग दिला. वहिनीने घरून साबणाचा चुरा आणि चिंध्या पाठवल्या आणि वर निरोप दिला, "माझ्या लुगड्याला कदी हात लावला नाय, सवतीला नाऊ घालतायत." चौघा खलाश्यांना धुतलेले कपडे घालून यायला सांगितलं. आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना पाचरींबद्दल. पाचरी दिसता कामा नयेत. प्रत्येकाने खांद्यावर गोणपाट टाकायचं, पाचर त्याच्या आत. वाकायचं तर चपलेत खडा गेल्यासारखं वाकायचं, आणि पुन्हा सरळ होऊन हात हलवत चालायचं. त्याने त्यांच्याकडून याची तालीम घेतली. मी समोर बसून बघत होतो. नाटकमंडळीतही इतकी तालीम होत नसेल.

"इस्माईल, तू लय लवकर वाकतोस," दादूस म्हणाला. "तुला थापेच्या आदीच खडा गेला."

"चाक दिसतं ना दादूस," इस्माईल म्हणाला.

"चाक दिसलं तरी दिसलं नाय म्हनायचं."

साहेब आले. चाळिशीचे, शांत, माणूस म्हणून भला. इंजिनाशी येताच दादूसने त्यांच्या पायांकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आज तरी नको. पण दादूस म्हणाला, "साहेब, बूट." आणि साहेबांनी खरंच बूट काढले, पायमोज्यांवर वर चढले, आणि आत उभे राहून कौतुकाने सगळीकडे बघू लागले. पुढे चहा पिताना त्यांनी सांगितलं, की लहानपणी त्यांना ड्रायव्हरच व्हायचं होतं.

थोरलीने त्या दिवशी दादूसची लाज राखली. कोळशाच्या वॅगनी घेऊन ती चढाला लागली, काळा धूर सोडला, मध्यावर जरा कण्हली, आणि चढत राहिली. आम्ही ऑफिसातली माणसं बाहेर येऊन उभे होतो. ती वर कारखान्याच्या दारात पोचली, पत्र्यावर दोन थापा पडल्या, चौघांच्या चपलांत एकदम खडे गेले, आणि थोरली जागच्या जागी उभी राहिली. साहेबांचा आवाज मला खालपर्यंत ऐकू आला, "वा, ब्रेक छान लागतो हो." दादूसच्या मिशा तेव्हा कशा दिसत होत्या ते मी सांगायला नको.

उतरतानाही सगळं तसंच झालं. फाटकाच्या बऱ्याच अलीकडे गाडी थांबली. खांद्यावरची गोणपाटं झटकत चौघे बाजूला झाले. साहेब बूट घालून खाली उतरले आणि आम्ही सगळे ऑफिसात गेलो. दादूसला साहेबांनी खुर्ची दिली. तो कोट सावरून बसला. इस्माईल आणि बाकीचे दारात उभे राहिले. चहा आला.

"इंजिन उत्तम आहे," साहेब म्हणाले. "जुनं आहे, पण तुम्ही ठेवलंय फार छान. मी लिहून देतो, आणखी काही वर्षं आरामात चालेल."

"आपली ग्यारंटी," दादूस म्हणाला आणि बशीत चहा ओतला.

"फक्त एक गोष्ट," साहेब म्हणाले. "खर्च थोडा कमी दाखवावा लागेल, तरच वरचे ऐकतील. मी आज नीट पाहिलं. तुमच्या इंजिनाबरोबर चार माणसं चालतात आणि त्यांना करायला काही नसतं. नुसते हात हलवत चालतात. पुढे झेंडा दाखवायला एक माणूस ठेवू, तीन कमी करू. म्हणजे इंजिन वाचलं समजा."

तीन कोण, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं, त्यामुळे दारातल्या चौघांपैकी प्रत्येकाला त्यात आपण आहोतच असं वाटलं असणार. मी दादूसकडे पाहिलं. त्याची बशी ओठांजवळ होती. ती तशीच राहिली. मला आजही खात्री आहे, की तेव्हा त्याने गप्प राहायचं ठरवलं असतं तर आमच्यापैकी कुणीही तोंड उघडलं नसतं. थोरली राहिली असती, कोट राहिला असता, कर्जतच्या प्लॅटफॉर्मवरची मिजासही राहिली असती. आणि एका माणसाच्या एका पाचरीवर ती त्या फाटकाकडे उतरत राहिली असती.

त्याने बशी खाली ठेवली. "इस्माईल, गोनपाट आन."

इस्माईल आत आला. दादूसने गोणपाट घेऊन साहेबांच्या टेबलासमोर फरशीवर उलटं केलं. खैराची पाचर धपकन पडली. कडा झिजलेल्या, मधोमध चाकाने खाल्लेली खाच. मग त्याने बाकीच्या तिघांकडे पाहिलं. त्यांनीही आपापली गोणपाटं रिकामी केली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"बिरेक," दादूस म्हणाला. "इंजिनाचा बिरेक लागत नाय साहेब. कदीचा लागत नाय. तुमी बगितलात तो यांचा."

साहेब उठले, पाचर उचलून त्यांनी खाचेवरून अंगठा फिरवला. फाटकाकडच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. शाळा सुटली होती, पोरं लाइन ओलांडत होती. त्यांचा चेहरा पार उतरला. मग ते चिडले, आणि त्यांचं चिडणं बरोबरच होतं.

"अहो, इतकी वर्षं तुम्ही हे लपवलंत? आजसुद्धा माझ्यासमोर लपवलंत. मी पास केलं होतं इंजिन. मग आत्ताच का सांगताय? आधी का नाही सांगितलं?"

दादूसने कोटाची बटणं लावली. "आदी कोनी मानसं कमी करीत नव्हता," तो म्हणाला.

थोरली त्याच तासाला बंद झाली. दादूसला घरी बसावं लागलं. शिक्षाच करायची तर आणखी मोठी करता आली असती, पण साहेबांनी ती केली नाही. आणि चौघांबद्दल त्यांनी वरच्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण ट्रक सुरू झाले तेव्हा माल उतरवणाऱ्या टोळीत पहिली चार नावं त्यांची होती. इस्माईल पुढे तिथेच मुकादम झाला. दादूसला मी नंतर कितीदा तरी भेटलो. त्याने स्वतःची कीव केलेली मी ऐकली नाही. उलट भंगारवाल्याला विकलेल्या थोरलीला ओढून न्यायला रेल्वेचं इंजिन कधी येणार, हे तोच मला विचारत राहिला.

ते आलं त्या दिवशी तो लोधिवलीहून सकाळीच येऊन बसला होता. कोट अंगात. चौघांनी ट्रकच्या कामावरून तासाभराची सुट्टी घेतली होती आणि खैराच्या पाचरी काढून आणल्या होत्या, या वेळी गोणपाटाशिवाय. रेल्वेचं डिझेल इंजिन नवं, मोठं, थोरलीच्या दुप्पट. त्याचा ड्रायव्हर परगावचा होता. जोडणी झाल्यावर त्याने खिडकीतून वाकून हसत विचारलं, "काय काका, कसं काय आहे हे तुमचं इंजिन?"

मला वाटलं आता घाट निघणार, लोणावळा निघणार.

"जपून ने रं," दादूस म्हणाला, फाटकाशी जमलेल्या सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "हिला बिरेक नाय."

मग त्याने इस्माईलच्या हातातली पाचर घेतली आणि तो थोरलीच्या पुढच्या चाकाशेजारून खाली चालायला लागला.